सहावं घर

आमच्या कट्ट्यावरच्या दीपकच्या चष्म्याच्या काचेत मांडवीच्या बंदरावरचा दिवा लागला, तेव्हा माझा पंचा घाटमाथ्यावर लटकलेला होता आणि खाली कोकणात उतरायला त्याला वारा मिळत नव्हता. पंच्याची गोष्ट जुनी आहे. आमच्या गावच्या तळ्यावर माघात धुकं असं दाट पडतं की एकदा आंघोळ करताना मी ओला पंचा धुक्यावरच वाळत टाकला. ऊन आलं, धुकं उठलं, पंच्यासकट उठलं आणि घाट चढून कोल्हापूरकडे गेलं. मी तळ्यात गळ्याइतक्या पाण्यात उभा आणि काठावर गावच्या बायका धुणी घेऊन आलेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे पंचा परत आला, वाळलेला, घडी घातलेला, वर त्याला ताज्या गुळाचा वास. त्याला घेऊन येतो तो पहाटेचा वारा, देशाकडून समुद्राकडे वाहणारा. त्याचं नाव घेतलं की गोष्ट संपते आणि मंडळी हसतात. त्या संध्याकाळी नाव घ्यायला मी तोंड उघडलं आणि तिथे काही नव्हतं. दात पडल्यावर जीभ पुन्हा पुन्हा त्या खाचेत जाते तसा मी त्या जागेवर जाऊन आलो. जागा गुळगुळीत होती, जणू तिथे कधी काही उगवलंच नव्हतं. "आणि मग वारा सुटला," मी म्हटलं, "तो... तो वारा..." समुद्र खालच्या दगडांवर आपटून मागे गेला, पुन्हा आला. "बघा, आपल्यालाही पंच्यासारखं लटकवून ठेवलंय," दीपक म्हणाला, आणि सगळे असे हसले की शेजारी भेळ खाणारं जोडपं वळून बघायला लागलं. "अरे, विसरलो," मी म्हटलं. पुन्हा हसले. "नाव विसरलो रे त्या वाऱ्याचं." रामानं डोळे पुसले. म्हणाला, "भास्करराव, यंदा गोष्ट सुधारलीत तुम्ही."

घरी चालत निघालो तेव्हा दुकानांच्या पाट्या वाचत निघालो, आणि आपण पाट्या वाचतोय हे लक्षात आल्यावर थांबून पुन्हा पहिलीपासून वाचल्या. सगळ्या वाचता येत होत्या. सगळ्यांचे अर्थ कळत होते. मग ते एवढं एक नाव गेलं कुठे? जन्मभर मी नावांवर जगलो आहे. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो, माईक माझ्या हातात. हातखंबा, पाली, लांजा, ओणी मार्गे राजापूरला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे. झोपेतून उठवलं असतं तरी थांब्यांचा क्रम चुकला नसता. कधी गाडी उशिरा असली तर प्रवाशांचं मन रमावं म्हणून मी सांगायचो की ड्रायव्हरसाहेब वाटेत एका म्हशीच्या बारशाला थांबले आहेत, आणि लोक तक्रार करायचं विसरून बारशाला काय नाव ठेवलं ते विचारायला खिडकीशी यायचे. तेही नाव माझ्याकडे तयार असायचं. आता कोणालाही विचारलं असतं तर त्या वाऱ्याचं नाव सांगितलं असतं. घरी बायकोनं, मालिनीनं, भाजी परतता परतता सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे दुसऱ्याच्या हातातून घेऊन ते पुन्हा खाचेत बसवायचं, आणि बसवलेला दात आपला नसतो हे मला ठाऊक आहे, माझे खालचे चार तसेच आहेत. मी ठरवलं, ते आपणहून येईल. कुठे जाणार? घाटमाथ्यावर असेल.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं गावी निघालो. दरवर्षी माघ सरता सरता निघतोच. आमची वाडी राजापूरच्या वर, घाटाच्या पायथ्याशी; तिच्याही वर डोंगराच्या खोलगट कुशीत तळं, चारी बाजूंनी जांभ्या दगडाच्या पायऱ्या आणि खालच्या अंगाला बांधात एक दगडी दार. वहाळ, म्हणजे ओढे, आटले की ते दार उघडायचं. पाणी पाटानं खाली येतं आणि नऊ घरांच्या वायंगणाला, म्हणजे उन्हाळी शेतीला, पाळीपाळीनं मिळतं. दार उघडण्याआधी तळ्याच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं, ते आमच्या घराकडे. गाऱ्हाण्यात नऊ घरांची नावं ज्या क्रमानं घेतली त्या क्रमानं त्यांना पाणी; गेल्या वर्षी पहिलं होतं ते यंदा शेवटी, बाकीची एकेक पायरी वर. ज्या घराचं नाव घेतलं नाही त्याला त्या वर्षी पाणी नाही. नाव सुचवायचं नाही, मध्ये तोंड घालायचं नाही, फक्त "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गाऱ्हाणं घालणाऱ्यानं आधी आठवडाभर गावात राहायचं आणि मासळीला शिवायचं नाही, जे रत्नागिरीच्या माणसाला फाशीपेक्षा थोडंच सुसह्य आहे. दरवर्षी या प्रवासात मी सुरमईच्या आठवणीनं हळवा होतो. यंदा मला भीती वाटत होती आणि सुरमई आठवतही नव्हती. लांज्याच्या पुढे मी मालिनीला म्हटलं, "अगो, मला हल्ली नावं सापडत नाहीत." तिनं माझ्याकडे बघितलं. माझी डावी भुवई जरा वर गेली असणार. थाप मारायच्या आधी ती जाते, हे अख्ख्या रत्नागिरीला माहीत आहे; दीपक तर म्हणतो, भास्कररावांची भुवई हा हवामान खात्याचा धोक्याचा बावटा आहे. इतक्या वर्षांच्या सवयीनं ती आता खरं सांगतानाही गेली. "गेली असतील पंच्याबरोबर कोल्हापूरला," मालिनी म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून झोपली. तिचे केस वाऱ्यानं माझ्या खांद्यावर आणून टाकले. तो वारा कुठला होता त्याचंही नाव मला सुचलं नाही, पण तो बसचा वारा होता, त्याला नाव नसतं, अशी मी माझी समजूत घातली.

गावात थंडी होती. तशी थंडी रत्नागिरीत येत नाही. ती घाटावरून रात्री पायी उतरते आणि पहाटे तळ्यावर बसून दम खाते. पुतण्याच्या, संदेशच्या, घरी आम्ही उतरलो तेव्हा अंगणात फवारणीचा पंप, औषधाचे डबे आणि तोंडावर फडकं बांधलेला स्वतः संदेश. त्याच्या कलमांना यंदा मोहोर असा आला होता की पान दिसत नव्हतं. "काका, बरे इलाव," तो म्हणाला. "आता तुमी सांगा. पाऊस येल काय वो? आज फवारा मारला नि उद्या पाऊस इला तर औषध धुवून जायचा. नाय मारला नि मळभ धरला तर मोहोर काळा." गेली कित्येक वर्षं गाव मला हवामान विचारतं आणि मी ठोकून देतो. मागे एकदा सांगितलं होतं की तळ्यातल्या बेडकांनी पाठ उत्तरेला केली की पाऊस हटतो. तेव्हापासून माणसं बेडकांच्या पाठी बघत फिरतात. मी आभाळाकडे बघितलं. स्वच्छ होतं, कडेला एक पांढरी रेघ. काहीतरी सांगायचं म्हणून सगळं शोधलं, आणि मग म्हटलं, "मला माहीत नाही रे." संदेशचं तोंड उतरलं. त्यानं फडकं सोडलं. संध्याकाळपर्यंत ते वाडीभर झालं: काकांनी सांगितलं नाही म्हणजे काहीतरी मोठंच येणार आहे. चार घरांनी वाळत घातलेली कुळथाची झाडं आत घेतली. खरं बोललो म्हणून लोक घाबरले, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

तो आठवडा हवामानाचाच होता. एका सकाळी पाण्यावर वाफ, पायरीवर दंव, पायाला चटका बसावा इतकी थंड. त्याच दुपारी असं उकडलं की वरच्या सपाट सड्यावरचा कातळ तव्यासारखा वाजायला लागला आणि तळ्याच्या पाण्यावर हिरवट तवंग साचून राहिला. पुढे दोन दिवस मळभ. सूर्य असा की त्याच्याकडे सरळ बघता येत होतं. मोहोराला वास नव्हता. मोहोराला वास नसला की माणसाला कसंतरीच होतं. झाडाखालून गेलं तर तुडतुडे अंगावर तुटून पडत, डोक्यावर कोणी बारीक वाळू टाकल्यासारखे. पहाटे वारा नव्हता. रोज मी अंधुक उजेडात पडवीत येऊन बसायचो आणि गालाशी काही लागतंय का बघायचो. तो एकदा गालाला लागला की नाव आपोआप येईल, असं माझ्या मनानं घेतलं होतं. पण देशाकडून काही उतरतच नव्हतं, आणि धुकं तळ्याच्या वाटीत तसंच उभं, ना वर जातं ना खाली. मी त्याच्याकडे बघून म्हणायचो: मधलं घर, वरचं खळं, गडग्याकडलं, सड्यावरलं, चाफ्याकडलं... बोटं मिटत जायची. नववं बोट मिटायचं राहिलं की सगळी बोटं उघडायची. पुन्हा पहिल्यापासून. मग नेमकं आधी मिळालेलं नाव जायचं आणि गेलेलं हजर असायचं. एकच घर विसरायला झालं असतं तर मी त्या घराच्या ओटीवर जाऊन आठवडाभर बसलो असतो. पण रोज वेगळंच घर गायब. एके दिवशी तर मधलं घर गेलं, आणि मधल्या घरात मी झोपत होतो, ते संदेशचं घर.

आबांचं आठवायचं. आबा म्हणजे माझे चुलते, माझ्या आधी गाऱ्हाणं त्यांच्याकडे होतं. मी तेव्हा स्टँडवर नुकता लागलेला, सुट्टी घेऊन आलो होतो, त्यांच्या मागे उभा होतो. सुपारीचं खांड घशात गेलं आणि त्यांना ठसका लागला. खोकले, डोळे पुसले, आणि पुढचं नाव घेतलं. एक सोडून पुढचं. मला कळलं, सगळ्यांना कळलं. तळ्याच्या काठी उभ्या असलेल्या चाळीस माणसांच्या छात्या एकदम वर आल्या आणि तशाच राहिल्या. मग त्या सुटलेल्या घराच्या म्हातारीनंच सगळ्यांच्या आधी "व्हय म्हाराजा" म्हटलं. पाणी देवाचं, ते माणसानं परस्पर द्यायचं नसतं. त्यांचं भात होळीच्या आधी पिवळं पडलं. आषाढात त्यांनी दाराला कडी घातली आणि मुंबईला गेले. तेव्हा वाडीत दहा घरं होती. आबा त्यानंतर सात वर्षं जगले आणि सुपारीला शिवले नाहीत, पण त्या घरावरून जाताना त्यांना खोकला यायचाच, कोरडा, उगाचचा. आठवड्यात एकदा मीही त्या बाजूनं गेलो. जोत्यावर आता घाणेरीचं रान आहे. मी मुद्दाम खोकून बघितलं. काय बघत होतो कोण जाणे.

एक दिवस गंगुबाई पाटातला गाळ काढताना भेटली. कोंडीवरलं घर तिचं. यंदा पाळी सहावी. नवरा गेला, मुलगा केळशीला एका बागायतदाराकडे कलमांच्या राखणीला; ही एकटी मिरची, चवळी आणि लाल माठ करते आणि राजापूरच्या बाजारात बसून विकते. बाकीच्यांच्या विहिरीला पंप लागले, हिच्या जागेत बोअर मारली तर कातळाखाली कातळच निघाला. हिला पाटाशिवाय पाणी नाही. "काय वो भावजी," ती गुडघाभर चिखलातून म्हणाली, "यंदा तुमची गोष्ट नाय, थाप नाय. तुमच्या जिभेला बुरशी धरली काय मोहोरासारखी?" मी म्हटलं, "गंगुबाय, मला नावं आठवत नाहीत." "माझा तरी आठवतास मां?" "तुझं आठवतं." "मग झाला. माझा आठवला म्हंजे बाकीच्यांची आठवूक कशाला व्हयीत?" आणि ती खो खो हसली. मागून तिचा कोंबडा आरवला, भर दुपारी. तो दुपारीच आरवतो. मी पूर्वी पसरवलं होतं की तो आधी मुंबईला एका कारखान्यात रात्रपाळीला होता. गंगुबाई आता बाजारात ते खरं म्हणून सांगते, पाळीची वेळसुद्धा सांगते. तिच्या मिरचीची रोपं कोपरभर झाली होती, पानं मलूल, मळभामुळे की तहानेनं, मला कळेना. मी मनात म्हटलं: कोंडीवरलं. कोंडीवरलं, कोंडीवरलं. घरी येईपर्यंत म्हणत आलो, आणि दारात मालिनीनं "चहा ठेवू?" विचारल्यावर ते थांबलं.

शेवटी संदेशला गाठला. तो फांद्या वाकवून मोहोर बघत होता. काळे पडलेले घोस तोडून खाली टाकत होता आणि प्रत्येक घोसाबरोबर एक शिवी. मी म्हटलं, "यंदा गाऱ्हाणं तू घाल." "मी?" "नाहीतर मोबाईलवर भरून ठेवू. मी घरात बसून सावकाश बोलतो, तू तिथे लाव." त्यानं हातातला घोस टाकला आणि घाबरून आजूबाजूला बघितलं. "काका, असा बोला नको. गाऱ्हाणा लिवला नि बांधून ठेवला काय तळा माणसाचा आवाज घेता. आपल्या पणज्याचा घेतलान ना? पोथीत लिवून ठेवलान नि मरेपर्यंत हाताच्या खुणांनी भाकरी मागीत होता." आमचा पणजा शेवटच्या दिवसापर्यंत घसा फाडून भांडत होता. ही गोष्ट मी रचलेली, संदेश चड्डीत असताना, पावसाळ्यातल्या एका दुपारी, केवळ त्याला झोप यावी म्हणून. आता ती त्याच्याकडे पणजोबांच्या तोंडातून आली होती, त्याच्या डोळ्यांत खरी भीती होती, आणि मी तिथे आंब्याखाली उभा राहून काय म्हणणार होतो? म्हटलं, "अरे, ती थाप होती." संदेश हसला. खूप दिवसांनी हसला. "काका, तुमी म्हंजे," तो म्हणाला. त्या संध्याकाळी मी कोरा कागद घेऊन बसलो, आणि खरं सांगतो, लिहायला हात झाला नाही. घसा चाचपून बघितला. मालिनी दिव्याखाली तांदूळ निवडत होती. "घसा धरलाय?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. आवाज आला, म्हणून बरं वाटलं.

गाऱ्हाण्याच्या सकाळी धुकं होतं आणि धुक्यातून बारीक काहीतरी पडत होतं, पाऊस म्हणावा तर पागोळी नाही, दंव म्हणावं तर छत्रीवर वाजत होतं. संदेश दाराच्या दगडाशी पहार घेऊन उभा. त्याच्या पापण्यांवर थेंब. पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या. मधे फोडलेला नारळ, विडा, अगरबत्ती, जी चार वेळा विझली. समोरचं तळं दिसतच नव्हतं. नुसतं पांढरं, आणि त्यातून पाण्याचा वास. मी हात जोडले. "बा तळ्याच्या राखणदारा, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आवाज धुक्यावर आपटून परत आल्यासारखा वाटला, आणि माझ्या पाठीच्या कण्यात जरा धीर आला. "वरसाप्रमाणं आज तुझी लेकरं तुझ्या दारात उभी हायत, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "मळभानं यंदा मोहोर धरलान, तो सोडव, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" संदेशचा सगळ्यात मोठा. "कोणाचं उणंदुणं झालं असेल तर पोटात घाल, आणि पयलं पाणी मधल्या घराला दे, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" दुसरं गेलं. तिसरं गेलं. शब्द एकमेकांची शेपटी धरून येत होते, फलाटावर गाड्या लागाव्यात तसे, मला वाटलं उगाच घाबरलो. चौथं सड्यावरलं. पाचवं चाफ्याकडलं. "आणि सहावं पाणी, म्हाराजा..."

खाच. गुळगुळीत. मी जीभ फिरवली. डोळ्यांसमोर घर होतं, सगळं होतं: कुडाची न्हाणी, दोरीवर निळं लुगडं, पायरीला गेलेली चीर. त्याच्यावरची पाटी तेवढी कोणी उतरवून नेली होती. पलीकडे गंगुबाई डोळे मिटून उभी, जोडलेल्या हातांच्या बोटांवर पाळी मोजत. सहाव्या बोटावर थांबलेली. चाळीस छात्या वर आल्या. आबांच्या वेळचा तो श्वास मी ओळखला, तोच, जणू इतकी वर्षं तळ्यावर थांबून होता. नारळाचं पाणी माझ्या पायाच्या बोटांमधून वाहत होतं. आता पुढचं नाव घेतलं तर संपलं. आणि मग मी जे एकच काम मला येतं ते करायला लागलो. "सहावं पाणी, म्हाराजा, त्या घराला दे, जिथल्या चुलीचा धूर वाडीत सगळ्यात आधी दिसतो!" मग चाचरत, "व्हय म्हाराजा." "जिथली माउली तुझ्या पाटातला गाळ दरवर्षी आपल्या हातानं काढते, नि कोणी बघितलं तर शिवी देते, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आता जोरात. "जिच्या भुईत बोअर मारली तर कातळाखाली कातळ निघाला, जिला तुझ्यावाचून पाणी नाय, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "आणि जिचा कोंबडा, म्हाराजा, सकाळी झोपतो नि दुपारी आरवतो, त्या घराला!" पुरुषांत कोणीतरी फसकन हसलं, हसू "व्हय म्हाराजा"त मिसळून गेलं. गंगुबाईनं डोळे उघडले होते. सातवं तिठ्यावरलं, आठवं नवं घर, नववं पायरीकडलं. धावत आली, उशीर झालेल्या गाड्यांसारखी. संदेशनं पहार घातली. दगड सरकला, आणि धुक्याखालून कुठूनतरी पाणी बोलायला लागलं.

नंतर नुसता गोंधळ. तिठ्यावरल्या घरची माणसं रुसली होती: यंदा कोंडीवरलीची एवढी वाखाणणी, आमची नुसती नावं? पुढच्या वर्षी आमच्याही म्हशीचं घ्या. कोंडीवरलं. कोणीतरी म्हटल्यावर ते असं सहज येऊन बसलं की मला रडू येईल असं वाटलं. गंगुबाई माझ्यासमोर आली, पदरानं डोळे पुसत. "माझ्या लग्नातसुदा कोणी माझा येवढा बोलला नव्हता," ती म्हणाली. मग लगेच, "पण कोंबड्याचा काय गरज व्हती देवासमोर? तो ऐकून देव माका दुपारी पाणी देल." सगळे हसले. मीही हसलो. हसताना बघितलं तर मालिनी हसत नव्हती. ती बायकांच्या घोळक्याच्या कडेला, ओला पदर कानांवर ओढून, माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. बघत होती म्हणजे कपाळाकडे, डाव्या बाजूला.

माणसं पाण्याच्या पुढे पुढे गेली. आम्ही दोघं पाटाच्या कडेनं मागून उतरत होतो. पाणी नवंच चालायला शिकल्यासारखं एकेक पान, एकेक काटकी हुंगत पुढे जात होतं. मालिनी पाण्याच्या चालीनं चालत होती. मग म्हणाली, "भुवई गेली नाही तुमची." "कधी?" "कोंबड्याच्या वेळेला. ती थाप नव्हती." मी पाटात अडकलेली एक काटकी पायानं मोकळी केली. "कधीपासून आहे हे?" आठवडाभर मी ज्याला त्याला सांगत सुटलो होतो आणि कोणी ऐकलं नव्हतं, आता एका माणसानं ऐकलं, आणि मला वाटलं की नको, हिनं तरी नको, ही हसली असती तर बरं झालं असतं. "कसलं कधीपासून?" मी म्हटलं. तिनं आपली चप्पल चिखलातून सोडवली, माझा दंड धरला. धुकं एका कडेनं उचलायला लागलं होतं. तळ्याच्या वरचा डोंगर कंबरेपर्यंत दिसला. मागून, घाटाच्या अंगानं, मानेला काहीतरी गार लागलं. मी थांबलो. पदर तिच्या कानावरून उडाला आणि समुद्राच्या दिशेनं फडफडला. ती माझ्याकडे न बघता, पाण्याला सांगावं तसं म्हणाली, "मतलई सुटली."

मतलई.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. गंमत म्हणूनच म्हटलं, पण ते गंमतीसारखं निघालं नाही. तिनं दंड जरा घट्ट धरला. दोन पावलांनी दगडी कुंपणाकडे बघत म्हणाली, "हा गडगा." "व्हय म्हाराजा." "ही काजू." "व्हय म्हाराजा." "हे चाफ्याकडलं घर. पुढे ते कोंडीवरलं." "व्हय म्हाराजा." वारा मोहोरातून आला, आणि इतक्या दिवसांनी मोहोराला वास होता. कोंडीवरलीच्या वळणाशी मोठा फणस आहे, बुंध्यापासून कुयऱ्या, कोवळे फणस, लागलेला. मालिनीनं त्याच्याकडे हात केला. "हा माड," ती म्हणाली. "व्हय म्हाराजा!" मी म्हटलं, मोठ्यानं, खोडीनं. फणस मला ठाऊक होता. ती परीक्षा घेतेय हेही ठाऊक होतं. मी हसू येण्याची वाट बघत तिच्याकडे वळलो, तर ती जागच्या जागी थांबली होती. दंडावरचा हात थंड पडला होता. ती माझ्या कपाळाकडे बघत होती आणि तिथे तिला काही दिसत नव्हतं. मी भुवई वर न्यायचा प्रयत्न केला. ती कुठल्या शिरेनं वर जाते ते मला कधी शिकावं लागलं नव्हतं, आणि आता शोधायला गेलो तर ती शीर सापडेना. पाणी आमच्या पायांशी येऊन तुंबलं, मग वळसा घालून गंगुबाईच्या मिरच्यांकडे गेलं. शेवटी मी बोट लावलं आणि भुवई वर ढकलून धरली.

तिनं हातातली नारळाची पिशवी माझ्या पाठीत घातली. दोनदा घातली. "मेल्या," ती म्हणाली, लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच. मग पदरानं माझं तोंड पुसलं, पावसाचं की कशाचं, आणि पुन्हा दंड धरला.

"हा फणस," ती म्हणाली.

"व्हय म्हाराजा."